पुन्हा ऐकता यावं म्हणून: वर्गात क्यूआर कोड वापरले त्याचा अनुभव

सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली, नेहमीप्रमाणे विचारलं समजलं का, सगळ्यांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं, आणि संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ निम्म्या वह्यांमध्ये १/३ + १/४ = २/७. वरच्यांची वर बेरीज, खालच्यांची खाली बेरीज, झालं गणित. राग नाही आला पण खूप वाईट वाटलं, कारण तासाला "हो मॅडम" म्हणणारी हीच मुलं होती आणि आपल्याला समजलेलं नाही हे त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हाच माहीत असणार. वर्गात हात वर करून "परत सांगा ना" म्हणायला किती धीर लागतो ते मला पक्कं ठाऊक आहे, मी स्वतः शाळेत असताना कधी म्हटलं नाही. एकदा विचारता येतं. दुसऱ्यांदा विचारलं की पुढच्या बाकावरचे वळून बघतात, आणि तिसऱ्यांदा तर कुणी विचारतच नाही.

क्यूआर कोडचं डोक्यात आलं ते इथून. तसं शिक्षणात हे कोड वापरणं काही नवीन नाही, रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं काम केलं आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी दिवस तोच विषय चालला होता. पण मला तयार व्हिडिओ नको होता. मी तासाला जे बोलते त्यातला नेमका अडणारा तुकडा, माझ्याच आवाजात, मुलांना हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा ऐकता यावा आणि त्यासाठी कुणाकडे तोंड उघडावं लागू नये, एवढंच हवं होतं.

शाळेचे चार टॅबलेट आणि माझा एक जुना फोन, वर्गात पस्तीस मुलं. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, पालकांना चिठ्ठी पाठवली आणि एका रविवारी बसून बारा कोड तयार केले. सोमवारी बारापैकी चार चालले.

काय काय चुकलं ते सविस्तर सांगते कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. पहिली चूक मजकुराची. मला वाटलं इंटरनेटवर अवलंबून राहायला नको, सूचना सरळ कोडातच लिहू, कारण क्यूआर कोडात साधा मजकूर ठेवता येतो आणि तो वाचायला नेट लागत नाही. कल्पना बरोबर होती पण मी एकेका कोडात चांगला लांबलचक परिच्छेद भरला, आणि देवनागरीला जागा जास्त लागते हे लक्षात घेतलं नव्हतं. साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा तीन लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे "छेद" एवढ्याशा शब्दात छ, मात्रा आणि द मिळून नऊ बाइट गेले. शंभर चिन्हांचं वाक्य म्हणजे तीनशे बाइट, आणि तेवढं मध्यम दुरुस्ती पातळीवर (कोडाचा थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून त्यात जास्तीची माहिती ठेवतात, तिचं प्रमाण म्हणजे ही पातळी) बसवायला कोडाच्या ठिपक्यांची जाळी ६९ बाय ६९ ची होते. छोटी लिंक असेल तर हेच काम २५ बाय २५ किंवा २९ बाय २९ मध्ये होतं. मी त्या दाट जाळीचे कोड कागद वाचवायला दोन-दोन सेंटिमीटरचे छापले, म्हणजे एकेक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक, जुन्या फोनच्या कॅमेऱ्याला तो कुठून दिसणार.

दुसरं, कोड छान दिसावेत म्हणून मी त्यांना अगदी चिकटून नक्षीची चौकट काढली होती. कोडाच्या भोवती चारही बाजूंनी निदान चार ठिपक्यांइतकी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते, तिथून कॅमेऱ्याला कळतं की कोड कुठे सुरू होतो. नक्षी कापून टाकली आणि त्यातले तीन कोड लगेच चालायला लागले. लॅमिनेशनचाही त्रास झाला, ट्यूबलाइटची चमक बरोब्बर कोडावर यायची, मुलं टॅबलेट वाकडा-तिकडा करत बसायची, मग पुढच्या वेळी साध्या कागदावर छापले आणि भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावले. अंतराचा एक ढोबळ हिशोब आता मी पाळते, जितक्या लांबून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाइतका कोड मोठा, म्हणजे हातभर अंतरावरून करायचं तर पाच-सहा सेंटिमीटर आणि दोन मीटरवरून करायचं तर वीस.

हे सगळं निस्तरलं आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी सगळे कोड एकदम बंद. स्कॅन व्हायचे, पण उघडायचं ते पैसे भरा असं सांगणारं पान. झालं असं होतं की मी ज्या साइटवर कोड बनवले होते तिने माझी लिंक थेट कोडात न घालता स्वतःची एक मधली लिंक घातली होती, आणि फुकट वापराची मुदत संपल्यावर ती मधली लिंक बंद केली. याला डायनॅमिक कोड म्हणतात, त्याचा फायदाही आहे, छापलेला कोड तसाच ठेवून मागचा पत्ता बदलता येतो, पण पत्त्याची चावी दुसऱ्याकडे राहते. मला त्या दिवशी खरंच रडू आलं कारण पोरं ओळीने टॅबलेट घेऊन उभी होती. तेव्हापासून मी फक्त स्टॅटिक कोड करते, ज्यात पत्ता त्या ठिपक्यांतच असतो, तो कुणी बंद करू शकत नाही, मागची फाइल जागेवर आहे तोवर कोड चालणार. आणि छापायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर तपासते, कारण एकदा फाइल फक्त मला दिसेल अशीच ठेवलेली राहिली होती, माझ्या फोनवर मस्त चालली आणि मुलांना परवानगी मागायला लागली.

आता मुख्य गोष्ट. मी पन्नास-पन्नास सेकंदांची आठ रेकॉर्डिंग केली. त्याहून लांब नाही, कारण मुलाला नेमकी अडलेली जागा परत ऐकायची असते आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओत ती शोधण्यातच तास जातो. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एकच पायरी. कोड क्रमांक ३ म्हणजे छेद समान का करायचे, कोड ४ म्हणजे छेदाला गुणलं की अंशाला का गुणायचं, असं. हलक्या दर्जाचा ऑडिओ ठेवला की फाइल दोनशे केबीच्या, म्हणजे साधारण दोन लाख बाइटच्या आसपास बसते, आमच्या नेटलाही ती जड जात नाही. एका मुलाने विचारलं, मॅडम तुमचा आवाज या चौकोनात भरलाय का. मला प्रश्न फार आवडला. सगळ्यात मोठ्या कोडात, म्हणजे १७७ बाय १७७ च्या जाळीत, जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात, आणि पन्नास सेकंदांच्या आवाजाला दोन लाख लागतात, तेव्हा आवाज तिथे मावणारच नाही, तिथे फक्त आवाज जिथे ठेवलाय त्या जागेचा पत्ता आहे. हे फळ्यावर मांडलं तर त्याने स्वतःच भागाकार करून काढलं की साधारण सदुसष्ट-अडुसष्ट कोड लागतील.

इअरफोन पुरेसे नव्हते, म्हणून दोघींत एक, एक टोक हिच्या कानात एक तिच्या. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, वर्गात तिचा आवाज मी क्वचित ऐकला असेल. तिची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती म्हणून ती एकटीच ऐकत होती. मी शेजारच्या गटाकडे असल्यासारखी उभी होते पण लक्ष तिच्याकडेच होतं. कोड ४ लावला, ऐकलं, वहीत १/३ = १/१२ लिहिलं. थांबली. परत लावला. "छेदाला चारने गुणलं की अंशालाही चारनेच गुणायचं, नाहीतर तो अपूर्णांकच बदलतो," या वाक्यापाशी तिने बोट ठेवून ऑडिओ थांबवला, थोडा मागे नेला, परत ऐकलं. खोडलं. चौथ्यांदा ऐकताना पेन्सिलने एक पट्टी काढली, तिचे तीन भाग केले, एक रंगवला. पाचव्यांदा ऐकलं आणि त्या तिन्ही भागांवर प्रत्येकी तीन-तीन उभ्या रेघा मारल्या, प्रत्येकाचे चार तुकडे झाले, मग बोटाने रंगवलेले तुकडे मोजले. चार. ४/१२ लिहिलं. आणि मग माझ्याकडे बघून, वर्गात सगळ्यांसमोर, म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुकडे वाढले पण रंगवलेला भाग तेवढाच राहिला ना?"

मी हेच वाक्य तीनदा तरी वर्गात बोलले असेन, पण तिला ते पाच वेळा हवं होतं, आणि पाच वेळा कुणी वर्गात मागत नाही.

गटात मात्र वेगळीच अडचण आली. सात मुलांत एक टॅबलेट दिला की ज्याच्या हातात टॅबलेट तो राजा, बाकीचे प्रेक्षक, आणि शांत मुलांच्या वाट्याला तो कधी येतच नाही. दोन-तीन दिवस बघितलं आणि नियम केला: ज्याच्या हातात टॅबलेट त्याने बोलायचं नाही, बाकीचे सांगतील तेव्हा लावायचं, सांगतील तेव्हा थांबवायचं, आणि दर कोडाला हात बदलायचा. शिवाय सगळ्यांनी एकाच वेळी कोडाकडे जायचं नाही, ज्यांना अडलंय त्यांनीच जायचं, बाकीच्यांनी गणितं सोडवत राहायचं. पहिल्या आठवड्यात सगळेच जायचे कारण टॅबलेटची गंमत, नंतर आपोआप कमी झाले.

तरी एक प्रश्न राहिलाच, कोणाला काय समजलं नाही हे मला तासालाच कसं कळणार. त्यासाठी मी प्लिकर्सची कार्डं वापरायला लागले. ते क्यूआर कोड नाहीत पण जात तीच, प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळी आकृती, प्रत्येकाची वेगळी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि मी माझा फोन वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. कार्डांचा नेहमीचा संच चाळीसचा असतो, आमच्या पस्तीसांना पुरला. आणि आकृती प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून त्याचं उत्तर कळत नाही, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पहिलाच प्रश्न टाकला, १/३ मोठा की १/४, आणि बऱ्याच मुलांनी १/४ म्हटलं, त्यात तोंडी विचारलं की सगळ्यात आधी "हो" म्हणणारे दोघे होते. मी नावं पडद्यावर दाखवत नाही, फक्त किती जणांनी काय उत्तर दिलं तेवढंच. एकदा चुकून नावांसकट दाखवलं गेलं आणि एका मुलाने पुढचे दोन प्रश्न कार्डच वर केलं नाही. त्याची मी वेगळी माफी मागितली.

मग मुलांनाच कोडाबद्दल कुतूहल वाटायला लागलं, तर दोन तास त्यालाच दिले आणि अभ्यासक्रम मागे पडतोय याची तेव्हा पर्वा केली नाही. हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कल्पना त्यांना गो नावाच्या पटावरच्या खेळावरून सुचली, आणि पेटंट असूनही कंपनीने तो सगळ्यांना मोकळेपणाने वापरू दिला, म्हणून आज आपल्या वर्गापर्यंत पोचला, हे सांगितल्यावर मुलं खरोखर खूश झाली. मग आलेख कागदावर कोपऱ्यातला मोठा चौकोन काढला. त्याच्या मधोमध रेघ मारली तर काळा १, पांढरा १, काळा ३, पांढरा १, काळा १, आणि रेघ आडवी मारा, उभी मारा, तिरकी मारा, प्रमाण तेच राहतं, म्हणून तर कोड उलटा धरला तरी वाचता येतो. हारांच्या टीमने पुष्कळ छापील कागद तपासून हे प्रमाण निवडलं, कारण छापील मजकुरात ते फारच क्वचित सापडतं, आणि कॅमेऱ्याला दुसरं काही कोपरा वाटत नाही. एकूण भाग सात, मधला काळा ३/७, अपूर्णांक परत इथेही आलेच.

सगळ्यात रंगलं ते कोड खराब करणं. एकच मजकूर दोन पातळ्यांवर छापला, एक सगळ्यात कमी दुरुस्तीचा, जो सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी चालतो, आणि एक सगळ्यात जास्त दुरुस्तीचा, तो ३० टक्क्यांपर्यंत; मधल्या दोन पातळ्या १५ आणि २५ च्या आहेत. मुलांनी कागदाचे बारीक तुकडे एकेक करून चिकटवत नेले आणि प्रत्येक तुकड्यानंतर स्कॅन. पहिला कोड दोन-चार तुकड्यांतच गेला, दुसरा बराच झाकला तरी उघडत राहिला आणि दरवेळी वर्ग ओरडायचा. मग एकीने कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर एकच तुकडा लावला आणि कोड तिथेच बंद, कारण दुरुस्ती मजकुराची होते, कोपऱ्याची होत नाही. हे चालतं कसं ते सांगायला मी तीन संख्या आणि त्यांची बेरीज फळ्यावर लिहिली आणि एक संख्या पुसली, ती कुणीही काढू शकत होतं. खरी पद्धत यापेक्षा खूप अवघड आहे, रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली, सीडीवर ओरखडे पडले तरी गाणं वाजतं तेही तिच्यामुळे. मागून एक जण म्हणाला, "म्हणजे कोडसुद्धा परत परत सांगतो." मी म्हटलं जवळजवळ तसंच, तो तेच पुन्हा सांगत नाही, हरवलं तर शोधता येईल एवढं जास्तीचं सांगून ठेवतो.

याच सुमारास कुणीतरी आमच्या भिंतीवरच्या कोड ६ वर दुसराच कोड चिकटवला, उघडला तर कुठल्याशा खेळाचा व्हिडिओ. खेळावर निभावलं, पण मला तो दिवस महत्त्वाचा वाटला. कोड डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यामागे काय आहे ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही, आणि फसवणारे लोक खऱ्या कोडावर नेमका असाच स्टिकर लावतात. त्या दिवसापासून वर्गाची सवय अशी, कॅमेऱ्यात लिंक आली की आधी मोठ्याने वाचायची, आपल्या ओळखीची असेल तरच बोट लावायचं, आणि कडा नखाने तपासून बघायची वर काही चिकटवलंय का. वाचनाचा हा नियम मुलं माझ्यापेक्षा कडक पाळतात.

वर्षाच्या शेवटी मुलांना म्हटलं, पुढच्या सहावीसाठी रेकॉर्डिंग तुम्ही करा. नाव सांगायचं नाही, फोटो नाही, फक्त आवाज, आणि फाइल लिंक असणाऱ्यालाच उघडेल अशी. आधी कागदावर लिहायचं, मग वाचायचं नाही, समोर मित्र बसवून त्याला सांगायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. यातून मला कळलं की माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काय कमी होतं. मी "समच्छेद" म्हणत होते, मुलं "सारख्या मापाचे तुकडे" म्हणतात. मी लसावि पासून सुरू करत होते, मुलं पट्टीपासून सुरू करतात. तीन कोड मी माझे काढून त्यांचे लावले.

कोड ४ शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने मागून घेतला. रेकॉर्डिंगमध्ये ती मध्येच अडते, "छेदाला चारने गुणलं, म्हणजे १/१२, नाही नाही, थांब, चुकलं, अंश राहिला," असं म्हणते, दोन सेकंद गप्प, मग पुढे नीट सांगते. मी विचारलं तेवढा भाग कापू का, नाहीतर परत घेऊया. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, ते पण तिथंच चुकतील."

तसाच ठेवला. सहा सेंटिमीटरचा छापून फळ्याच्या उजव्या बाजूला लावलाय.